वहिनीच्या दाखल्यावर

मला पहिल्यांदा दिवस गेले तेव्हा मी वीस वर्षांची होते. माहेर इंदापूर तालुक्यातलं कळंब. सासर बारामतीला, एमआयडीसीच्या अलीकडच्या वस्तीत, दोन पत्र्याच्या खोल्या. घरात सासूबाई, हे आणि मी. हे दुधाच्या एका कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली कामाला होते. त्याच कारखान्यातल्या कायम कामगारांकडं विम्याचं कार्ड असायचं, त्यावर बायकोचं नाव असायचं आणि तिचं बाळंतपण त्या कार्डावर व्हायचं. ठेकेदाराच्या माणसांना दर सहा महिन्यांनी आठवडाभर घरी बसवायचे आणि मग नवा माणूस म्हणून परत घ्यायचे. त्यामुळं हे चार वर्षं तिथं राबून नवेच होते. आम्हाला त्याचं फार काही वाटत नव्हतं. बाळंतपण माहेरी व्हायचं, आईच्या हाताखाली व्हायचं, एवढंच मला माहीत होतं.

सातव्यात मी कळंबला आले. आमच्या घरात पूर्वी मेंढरं होती. मी लहान असतानाच आबांनी कळप विकला आणि ते लोकांच्या उसाला पाणी द्यायला जाऊ लागले. दादा ट्रॅक्टरवर होता. दादा-वहिनींची चूल शेजारीच पण वेगळी होती, रेशनकार्डही वेगळं. वहिनीच्या लग्नाला सात वर्षं झाली होती आणि तिला मूल नव्हतं. मी पोटुशी म्हणून घरी आले तेव्हा मला वाटलं, हिला माझ्याकडं बघवणार नाही. पण तिनंच माझ्या चपला काढून ठेवल्या. माझे पाय बघून ती म्हणाली, "वन्सं, चपलांचं वळ एवढं खोल कसं उठलं?"

मंगळवारी उपकेंद्रात सिस्टर यायची. तिनं माझ्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला तो भरेना. दंडाला पट्टा बांधून तिनं रक्तदाब दोनदा मोजला.

"डोकं दुखतं का?"

"दुखतं. डोळ्यापुढं काजवं आल्यासारखं हुतं."

ती माझ्याशी बोलायची थांबली आणि आईशी बोलू लागली. "ही घरी ठेवायची बाई नाही. बारामतीत ट्रस्टचा दवाखाना आहे. तिथं गरिबांसाठी खाटा राखून ठेवलेल्या असतात, सगळं फुकट होतं. फक्त तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. उद्याच इंदापूरला जा, रेशनकार्ड बरोबर घ्या."

दुसऱ्या दिवशी आबा आणि मी इंदापूरला गेलो. तहसील कचेरीत खिडकीवरच्या माणसानं कार्ड उघडलं आणि माझ्या नावावर बोट ठेवलं. नावावर लाल शाईनं रेघ मारलेली होती. लग्न झाल्यावर सासूबाईंच्या सांगण्यावरून आबांनीच माझं नाव कमी करून घेतलं होतं, सासरच्या कार्डावर चढवायचं म्हणून.

"ही आता तुमच्यात नाही," तो माणूस म्हणाला. "हिचा दाखला बारामतीतनं निघणार."

आबा म्हणाले, "साहेब, लेक माझीच हाय. बाळातपण मीच करतुया."

"बरोबर आहे तुमचं. पण मी काय लिहू?"

त्याच्या पुढच्या दिवशी बारामतीला. तिथं हेही आले, अर्धा दिवस बुडवून. कारकून वयस्कर होता. त्यानं गठ्ठा सोडला आणि आमचा अर्ज शोधून काढला. अर्ज वर्षापूर्वीचा होता, तसाच पडून होता. "नाव अजून चढलेलं नाही," तो म्हणाला. "आधी नाव चढवायचं, मग तलाठ्याचा पंचनामा, मग दाखला. पंधरा-वीस दिवस धरा." मग त्याचं माझ्या पोटाकडं लक्ष गेलं. त्यानं चष्मा काढला. "बाई, कागदावर सध्या तुम्ही कुठंच नाही हो," तो हळू आवाजात म्हणाला. त्याच्या बोलण्यात चेष्टा नव्हती. त्यालाही वाईट वाटलेलं दिसत होतं.

मी कचेरीच्या पायरीवर बसले. समोरचा रस्ता मला पाण्यातून बघितल्यासारखा दिसत होता. हे दवाखान्यात जाऊन विचारून आले. दाखला नसेल तर आधी अनामत भरा म्हणाले होते. हे आकडा बोलले नाहीत. आबांनीही विचारला नाही. आबा एसटीनं कळंबला परतले आणि मी सासरच्या खोलीत कुशीवर पडून राहिले.

सकाळी दादाची मोटारसायकल दारात थांबली. मागं वहिनी होती. ती आत आली, पोलक्यातून प्लास्टिकची पिशवी काढली आणि त्यातला घडी घातलेला कागद यांच्या पुढ्यात ठेवला.

"ह्यो दाखला घ्या. माझा हाय."

गेल्या दिवाळीनंतर दादानं तो काढला होता. वहिनीला मूल का होत नाही ते तपासून घ्यायचं होतं, त्याच दवाखान्यात. दाखला निघाला, पण वहिनी गेलीच नाही. तपासणीत काय निघेल याची तिला धास्ती होती. दाखला वर्षभर चालायचा. आणखी काही महिने उरले होते.

"माझ्या नावानं वन्संला भरती करा," वहिनी म्हणाली.

हे म्हणाले, "आन् सापडलं तर?"

"तर मी सांगंन, मी दिला म्हणून."

सासूबाई चुलीपाशी बसल्या होत्या. "नातवाच्या म्होरं नाव कुणाचं लागंल मग?"

"ते मागनं बघू, आत्याबाई. आदी नातू जगू द्या."

सासूबाई उठल्या. त्यांनी माझं लुगडं पिशवीत भरलं.

दवाखान्यात भरतीच्या टेबलापाशी एक सिस्टर होती, उंच, आवाजाला कडक. तिनं मला नाव विचारलं. मी वहिनीचं नाव सांगितलं. वय विचारलं, वहिनीचं सांगितलं. मग ती म्हणाली, "नवऱ्याचं नाव?"

माझी जीभ उचलेना. माझ्या भावाचं नाव मला नवऱ्याचं म्हणून सांगायचं होतं. दादा मागंच उभा होता, खाली बघत. सिस्टरला वाटलं मी लाजतेय. "अगं, आई व्हायची वेळ आली, अजून नाव घेत नाहीस?" ती हसली. तेव्हा वहिनी पुढं झाली आणि तिनं दादाचं नाव घेतलं. सात वर्षांत तिनं ते कधी उच्चारलं नव्हतं. उखाण्यातसुद्धा ती मुद्दाम चुकायची. नाव घेतलं आणि तिनं पदर तोंडावर ओढला.

"तू कोण?" सिस्टरनं तिला विचारलं.

"मी नणंद हिची."

अशी आमची अदलाबदल झाली. मला जनरल वॉर्डात भिंतीकडची खाट मिळाली. सकाळ-संध्याकाळ रक्तदाब मोजायचे, सुया टोचायचे, लघवी तपासायचे, मीठ बंद. वॉर्डात कुणी वहिनीच्या नावानं हाक मारली की आम्ही दोघी एकदम मान वर करायचो. वहिनी मग पटकन खिडकीकडं बघायची.

डॉक्टरीणबाई रोज फेरीला यायच्या. कागद वाचून त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "लग्नाला किती वर्षं झाली?"

मी वहिनीकडं बघितलं. ती म्हणाली, "सात."

"आणि हे पहिलंच?" बाईंचा चेहरा मऊ झाला. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "सात वर्षांनी राहिलंय म्हणजे आपण चांगलं जपू या हं. काही काळजी करायची नाही." मग त्या वहिनीला म्हणाल्या, "वहिनीला एकटं सोडू नकोस."

"न्हाय सोडत," वहिनी म्हणाली.

बाई गेल्यावर ती बराच वेळ माझ्या पायांना तेल लावत बसली. मी म्हणाले, "वैनी, नगं. घरी जाऊ या." ती म्हणाली, "गप पडा." ते सगळं माझ्या वाट्याला चुकून येत होतं. बाईंचा तो हात, ती काळजी, वॉर्डातल्या बायकांनी खजूर आणून देणं आणि 'देवानं उशिरा का हुईना ऐकलं' म्हणणं. आणि ज्या बाईचं ते होतं ती माझ्या खाटेखाली चटईवर बसून ऐकत होती. मला तेव्हा भीती वाटायची ती सापडण्याची नाही. मला वाटायचं, हिचा दाखला मी खाल्ला. आता हिला कधी तपासायला यावंसं वाटलं तर ही कुठल्या नावानं येणार?

पाचव्या दिवशी सकाळी मला झटके आले. मला त्यातलं काही आठवत नाही. पुढचं सगळं मला वहिनीनं सांगितलं, तेही पुष्कळ दिवसांनी, तुकड्यातुकड्यानं.

मी चहाचा कप धरला होता. तो सांडला, डोळे फिरले, दात आवळले गेले. सिस्टर धावली. तिनं मला कुशीवर वळवलं, तोंडात काहीतरी घातलं. डॉक्टरीणबाई आल्या. मला आतल्या खोलीत नेलं. थोड्या वेळानं बाई बाहेर येऊन म्हणाल्या, "ऑपरेशन करावं लागणार. बाईच्या जिवाला धोका आहे, बाळाच्याही. नवऱ्याची सही पाहिजे. नवरा कुठाय?"

हे बाकावर बसले होते. रात्रपाळी करून सरळ तिकडं आले होते. ते उभे राहिले.

"तुम्ही नवरा?"

वहिनी म्हणाली, "हे माझं मालक. हिचा नवरा गावाला हाय. ट्रॅक्टरवर."

"मी करतो सही," हे म्हणाले.

"तुमची कशी चालेल? उद्या काही झालं तर तो येऊन मला विचारेल. त्याला बोलवा, ताबडतोब. तोवर मी इंजेक्शनं चालू ठेवते."

वहिनी म्हणायची, तुमचं मालक तसंच उभं राहिलं, हात असं पुढं धरून, पेन घ्यायला. तिला वाटलं, आता हे सांगून टाकणार. सांगितलं असतं तर काय झालं असतं, ते आम्हाला त्या वेळी कुणाला ठाऊक नव्हतं. खाट काढून घेतील असं वाटत होतं. पोलिसात देतील असं वाटत होतं, वहिनीला आणि दादाला. आज मला वाटतं बाईंनी तसं काही केलं नसतं. पण गरिबाला आधी कागदच दिसतो.

हे पळत सुटले. कारखान्यातल्या एका सोबत्याची मोटारसायकल घेतली आणि कळंबला गेले. दादा घरी नव्हता, शिवारात होता. त्याला शोधून, तसाच मातीच्या पायांनी मागं बसवून आणलं. जाऊन-येऊन दोन तास गेले, कदाचित जास्त. दादाला सिस्टरनं कागद दिला. त्यानं वाचला नाही. त्यानं यांच्याकडं बघितलं. यांनी मान हलवली. मग दादानं नवरा म्हणून सही केली.

मुलगा झाला. दिवस भरलेले नव्हते. वजन अगदीच कमी, म्हणून काचेच्या पेटीत ठेवलं.

मी दुसऱ्या दिवशी दुपारी शुद्धीवर आले. पोटावर आग होती. वहिनीनं सांगितलं, "ल्योक झालाय." मी विचारलं, कुठं हाय. तिनं दाराकडं हात केला. पेटीच्या खोलीत फक्त आई-बापाला सोडायचे. म्हणून दादा जाऊन काचेतून बघून यायचा आणि बाहेर येऊन यांना सांगायचा. हात हलवतोय, केस दाट हायत, रंग तुमच्यावर गेलाय. हे दाराबाहेर उभे राहून ऐकायचे. झाडणारी मावशी दार उघडायची तेवढ्यात त्यांना जे दिसलं ते दिसलं.

तिसऱ्या दिवशी त्या कडक सिस्टरनं मला चाकाच्या खुर्चीतून नेलं. मी त्याला बघितलं. माझ्या तळहाताएवढी पाठ. नाकात नळी. मी काचेला हात लावला. सिस्टर म्हणाली, "हाक मार. आईचा आवाज कळतो त्यांना." त्याचं नाव ठेवलेलं नव्हतं. मी "बाळा" म्हणाले. आणखी काही सुचलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी तो गेला.

बाळ ताब्यात घ्यायलाही बापाची सही लागली. दादानं ती केली. पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं ते घेऊन तो जिना उतरला, फाटकाबाहेर आला, आणि तिथं लिंबाखाली हे उभे होते त्यांच्या हातात त्यानं दिलं. यांनी त्याला पहिल्यांदा हातात घेतलं ते असं. दादा मला नंतर एकदाच बोलला त्याबद्दल. म्हणाला, "दाजींनी कापड बाजूला सारून त्याचं त्वांड बगितलं. लई येळ. मला म्हनलं, तुमी म्हनत हुता तसंच केस हायत." दोघांनी मिळून त्याला कऱ्हा नदीच्या काठाला पुरलं.

मी आणखी आठ दिवस तिथं होते. डॉक्टरीणबाई येऊन बसल्या. म्हणाल्या, "बाळ फार लहान होतं. पण तू वाचलीस. पुन्हा होईल." मला त्यांना विचारायचं होतं, दोन तास आधी काढलं असतं तर? पण ते विचारायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. मी विचारलं नाही. आजवर कुणाला विचारलं नाही. यांनी कुणाला विचारलं असेल तर मला माहीत नाही. त्या वर्षानंतर ते बाकावर बसायचे तेव्हा हात मांड्यांखाली घालून बसायचे, एवढं मी बघितलं.

सासूबाईंना मी घाबरत होते. मी घरी आले तेव्हा त्यांनी अंगावर पाणी ओतलं, शेक दिला, भरवलं. एकदाच म्हणाल्या, "नाव चढवायच्या कागुदाला मीच गेलं असतं तर बरं झालं असतं. उद्या-उद्या करत ऱ्हायलं." मग त्या खरोखरच गेल्या. दर आठवड्याला कचेरीत जाऊन बसायच्या. दोन महिन्यांत माझं नाव त्यांच्या कार्डावर चढलं.

वर्षभरानं कळंबला अंगणवाडीची बाई घरोघर माहिती लिहायला आली. मी तेव्हा माहेरी होते. तिनं वहिनीला ओट्यावर बसवून विचारलं, "मुलं किती?"

"एकबी न्हाय."

"झालीच नाहीत?"

मी आतून ऐकत होते. वहिनीला वाटलं असेल की दवाखान्याचं बुक इकडंही येत असेल, ताळमेळ बघत असतील. किंवा तसं काही वाटलं नसेल. ती म्हणाली, "एक झाला हुता. ऱ्हायला न्हाय."

"मुलगा?"

"व्हय. ल्योक."

बाईनं लिहून घेतलं. वहिनी आत आली, माझ्याकडं न बघता पीठ मळायला बसली. मी रागावले नाही. मला वाटलं, निदान कुठंतरी त्याची नोंद आहे, कुणीतरी आई म्हणून सांगितलंय. माझ्या कागदांवर तर तो झालाच नव्हता.

दोन वर्षांनी मला पुन्हा दिवस गेले. आता सरकारची नवी मदत निघाली होती, दारिद्र्यरेषेखालच्या बाईला पहिल्या दोन बाळंतपणांना. बारामतीच्या सिस्टरनं फॉर्म काढला. "कितवी खेप?"

हे म्हणाले, "पहिलीच." घरी तसंच ठरलं होतं. दुसरी म्हटलं तर पहिलीचा कागद मागतील.

मी म्हणाले, "दुसरी. पयलं सिझर झालंय, झटके आलं हुतं."

सिस्टरनं पेन खाली ठेवलं. "कागद?"

"न्हाय."

"कुठल्या दवाखान्यात?"

मी सांगितलं. हे जमिनीकडं बघत होते. पण पोटावरचा टाका लपवून मला पुन्हा बाळंत व्हायचं नव्हतं. सिस्टरनं जास्त खोदलं नाही. "कागद हरवला असं लिहिते," ती म्हणाली आणि मला त्याच दवाखान्यात पाठवलं. या वेळी आठव्या महिन्यातच, माझ्या नावाच्या दाखल्यावर.

भरतीच्या टेबलापाशी तीच उंच सिस्टर होती. तिनं दाखला वाचला, माझ्याकडं बघितलं, पुन्हा दाखला वाचला. मग मला पडद्याआड नेलं आणि टाका बघितला. तिचं बोट टाक्यावरून एकदा फिरलं.

"हे आमच्याच इथलं आहे," ती म्हणाली.

मी रडायला लागले.

"ती चटईवर बसायची ती कोण मग?"

"माझी वैनी."

"तिचा दाखला?"

मी मान हलवली. मला वाटलं आता ही बाहेर जाऊन सगळ्यांना सांगेल. तिनं माझा परकर नीट केला. "डॉक्टरांना मी सांगते," ती म्हणाली. "त्यांना कळायलाच पाहिजे, झटके आले होते म्हणून. तू कुणाला काही बोलू नकोस." त्यांनी मला महिनाभर तिथं ठेवून घेतलं. मुलगी झाली, चांगली रडली. यांनी त्या वेळी सही करताना एवढा दाब दिला की सही खालच्या कागदावरही उमटली.

घरी सोडायच्या दिवशी हे मला म्हणाले, "थांब जरा," आणि नोंदींच्या खिडकीवर गेले. पहिल्या बाळाच्या जन्माचा नि मृत्यूचा कागद मिळतो का विचारायला. खिडकीवरच्या बाईनं आई-बापाची नावं विचारली. यांनी दादा-वहिनींची सांगितली. ती म्हणाली, "मग त्यांनाच अर्ज करायला सांगा." हे परत आले आणि त्यांनी मुलीला माझ्याकडून घेतलं.

मी हे वहिनीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आणू का काढून? मला देतील." दादाही तयार होता. मी आणि हे त्यावर बोललो, म्हणजे मी बोलले, ते ऐकत होते. शेवटी मी वहिनीला नको म्हणून सांगितलं. त्या कागदावर आई म्हणून तिचं नाव असणार होतं आणि बाप म्हणून दादाचं. तो घरात कुठं ठेवायचा ते मला कळेना. वहिनीला पुढंही मूल झालं नाही. ती तपासायलाही कधी गेली नाही. मी दोन-तीनदा म्हणाले, चला, मी येते बरोबर. ती म्हणायची, "आता कशाला."